नऊशे सत्तरावं उत्तर

अश्फाकच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगून टाकावं. सलग तीस दिवस साताऱ्याच्या नोंदी निर्मळ गेल्या, की त्याची बदली घरी, सांगलीला. तिथं त्याच्या बायकोला, नूरजहांला, आठवा लागला होता. सांगलीचा मधू त्याच्या जागी येणार. मधूचं उंब्रज साताऱ्याहून तासाभरावर. फायदा दोघांचा. तोटा, कागदावर तरी, कुणाचाच नाही.

साल १९९८. इंटरनेट नवं, काम साधं. पोवई नाक्याजवळच्या माडीवर बसून दर पंधरा मिनिटांनी कळ दाबायची. क्रमांक घातलेला प्रश्न तारेतून सांगलीला जायचा, तिथलं यंत्र आपसूक उत्तर धाडायचं. जाऊन यायला लागलेला वेळ रजिस्टरात लिहायचा. नऊ ते पाच, दिवसाला बत्तीस प्रश्न. सेकंदाचा विसावा हिस्सा लागे.

दहाव्या दिवशी वेळ घटू लागला. बाराव्या दिवशी शून्य. तेराव्या दिवशी बोट कळीवर टेकायच्या आत उत्तर पडद्यावर हजर.

त्यानं सांगलीला फोन लावला.

"आवं अश्फाकभाई," मधू हसला, "यंत्राला सवय लागली तुमची. बायकू न्हाई का, हाक मारायच्या आदीच 'काय?' म्हनती!"

"चेष्टा नको, गड्या. रजिस्टरात काय लिहू?"

"खरं लिवा की."

खरं लिहायला वजाची खूण लागली असती, आणि ती पाहून पुण्याच्या साहेबांनी अख्खा महिना रद्द केला असता. अश्फाकनं नेहमीचाच आकडा लिहिला. एकदा लिहिला की रोज लिहावा लागतो.

विसाव्या दिवशी सकाळी नऊलाच दिवसभराची उत्तरं ओळीनं लागलेली. त्याच दुपारी जिन्यात पाय मुरगळला आणि सव्वादोनचा प्रश्न हुकला. लंगडत वर येऊन पाहतो, तर सव्वादोनचं उत्तर सकाळपासूनच आलेलं नव्हतं.

ती ओळही त्यानं मनानं भरली.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तरं पुढच्या आठवड्यापर्यंत जायला हवी होती. ती नऊशे सत्तराव्याला थांबली. खाली कोरा पडदा. अश्फाकनं बोटांवर मोजलं. एकतिसावा दिवस. गुरुवार, सव्वाअकरा.

त्या दिवशी खुर्चीत मधू.

"गुरुवारी सव्वाअकराला खुर्चीत बसू नको," अश्फाकनं मधूला फोनवर सांगितलं.

"का वं? शकुन बगितला का काय?"

सगळं जिभेवर आलं होतं. पण सांगायचं, तर रजिस्टर खोटं ठरत होतं.

"काही नाही," अश्फाक म्हणाला. "सहज."

गुरुवारी तो सांगलीच्या यंत्रापुढे बसला. अकराचा प्रश्न आला. सव्वाअकराचा आला, उत्तर गेलं.

साडेअकराला काहीच आलं नाही.

साताऱ्याचा फोन बराच वेळ वाजत राहिला. मग शिपाई सयाजीनं उचलला.

"सायेब... मधूदादा बसल्या जागीच गेलं. डाक्टर म्हनलं, काळीज बंद पडलं."

अश्फाकनं विचारलं, "रजिस्टरात काय लिहिलंय त्यानं?"

"आकडं हायती. समद्याच्या म्होरं आडवी रेघ."

वजा. मधूनं खरं लिहिलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न उमटला. नऊशे एकाहत्तर.

"सयाजी, कळ कुणी दाबली?"

"कुनी न्हाई, सायेब. खुर्ची रिकामी हाय."

यंत्रानं उत्तर दिलं नाही. प्रश्न तसाच उभा राहिला.

बदली अश्फाकला मिळाली, मोल मधूनं दिलं. पावणेबाराला, अगदी वेळेवर, नऊशे बहात्तरावा प्रश्न आला.