कपाटातला ठेका

माझ्या सुनेची एक खोड मला कधीच आवडली नाही. गिटार कपाटाला टेकवून वाजवायची. तेही कुणाच्या कपाटाला? माझ्या गेलेल्या मुलाच्या!

पुढचं खोटं वाटलं तर वाटू दे. चार बुकं शिकले नाही मी, पण बसून थापा लिहायची हौसही नाही मला. रविवारची दुपार होती. लख्ख ऊन होतं. घरात आम्ही दोघीच.

गिटार म्हणजे ती जाड तारांची, बेस गिटार. जुन्या बाजारातली, सगळ्यात स्वस्त. तारा घडीघडीला उतरायच्या. विजेवरची, पण स्पीकर घ्यायची ऐपत नाही. नुसती वाजवली तर तिच्यापेक्षा डास बरा. म्हणून तिचं टोक कपाटाला टेकवायचं. मग अख्खं कपाट घुमायचं.

मुलगा होता तेव्हा कपाटावर बोटांनी ठेका धरायचा. दर वेळी उशिरा. बायको हसून लोळायची. "अहो, गाडी सुटली तुमची!"

तो अपघातात गेला. मी कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली.

त्या दुपारी ती वाजवत होती. मी मटार सोलत होते.

आणि...

टक. टक.

कपाटाच्या आतून.

सुनेचा हात थांबला. आवाजही थांबला.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

तिनं पुन्हा तार छेडली.

टक. टक. अगदी तारेबरोबर.

"उंदीर ठेका धरतात का, आई?"

त्या दिवसापासून पोरगी हातची गेली. लॉन्ड्रीतल्या कामाला दांड्या. ताट तसंच झाकलेलं. बोटांना फोड आले तरी वाजवायची, आणि कपाटाला कान लावून बसायची.

"ते आलेत, आई. किल्ली द्या."

खरं सांगते, माझा हात कमरेपर्यंत गेला होता. शेवटी आई आहे मी. पण मनात काहीतरी टोचत होतं. मी तिच्या शेजारी बसून ऐकत राहिले.

एकही ठोका चुकला नाही.

एकही नाही...

"हा तो नव्हे," मी कपाटासमोरच बोलले. "त्याला जन्मात ताल सापडला नाही. शाळेत कवायतीला मास्तर त्याला मागं लपवायचे!"

तिचे डोळे भरले. "शेवटचं वाजवते. मग नाही मागणार."

तार घुमली...

काहीच नाही.

आवाज विरत आला. मग... उशिरा...

टक.

थेट माझ्या लेकासारखा.

सुनेनं माझं मनगट धरलं. "ऐकलंत? उशिरा! आता तरी पटलं ना? द्या किल्ली!"

तोच असेल तर? आईनंच कोंडून ठेवला असेल तर?

तेवढ्यात आतून पुन्हा वाजलं. गिटार तर खाली पडली होती...

कपाट अजून त्याच भिंतीला आहे. विकायला हात धजत नाही, उघडायला तर नाहीच. जाता-येता मी त्याच्याकडे पाठ करत नाही. सून अजून किल्ली मागते. गिटार पडली तेव्हा तिला खोलीबाहेर ओढत जे बोलले, तेच मी आजही तिला सांगते, फक्त आता कानाशी, अगदी हळू:

"ऐकलं गं पोरी. पण आपण काय बोललो, ते त्यानंही ऐकलं. किल्ली मिळायची नाही."