भरतीला न दिसणारं काम

खवळेवाडीच्या वरच्या अंगाला खाडीचं पाणी चहासारखं गढूळ, आणि वाडीपाशी मात्र तळ दिसावा इतकं नितळ. असं का? हे कोडं सोडवायला राजधानीतून पारखी आला. पारखी म्हणजे सन्मान समितीचा यंत्रमानव. गरिबी आणि घाण दोन्ही हटवणारं काम गावोगाव शोधायचं, ही त्याची नोकरी.

स्वारी आली ती नेमकी भरतीला. पाणी उन्हात चमकत होतं, त्याबाहेर नुसती बांबूंची टोकं दिसत होती. "शुद्धीकरण यंत्र आढळले नाही," म्हणत तो निघालाही. दीक्षिता त्याच्यामागे धावली. तिच्या दर्शनामावशीने आणि वाडीतल्या बायकांनी उभं केलेलं काम असं पाण्यात जाणार?

मावशी आपली दोरी वळत बसली होती. "भरतीक इलस तर काय दिसतला? ओहोटीक बघ," ती म्हणाली.

"थांब जरा," म्हणत दीक्षिताने दोन बरण्यांत वरच्या अंगाचं गढूळ पाणी भरलं आणि एकीत चार जिवंत कालवं (दोन शिंपल्यांत राहणारे मऊ जीव) सोडली.

ओहोटी लागेपर्यंत त्या बरणीतून पलीकडचा माड दिसू लागला. दुसरी अजून गढूळच होती.

"कालवं पाणी आत ओढतात," दीक्षिताने समजावलं. "त्यांच्या कल्ल्यांवर (श्वास घ्यायच्या अवयवावर) बारीक कण अडकतात. त्यातलं शेवाळ ती खातात, नको तो गाळ चिकट गोळ्या करून तळाशी टाकतात. एक कालव दिवसभरात कित्येक बादल्या पाणी गाळतं. आमच्याकडे किती आहेत, ते आता मोज."

पाणी उतरलं होतं. बांबूंचे मांडव उघडे पडले होते आणि त्यांवरच्या दोऱ्या कालवांनी लगडल्या होत्या. पारखी मोजता मोजता दमला, म्हणजे त्याची बॅटरी उतरत आली.

"वाढलेली कालवं आम्ही विकतो," दीक्षिता म्हणाली. "पूर्वी बायका मजुरीसाठी वाडी सोडून जायच्या. आता कुणी जात नाही."

"काम आढळले," पारखी म्हणाला.

सन्मानासाठी राजधानीचं बोलावणं आलं, तेही अमावास्येचं. मावशीने उलट निरोप धाडला, "अमावास्येक मोठी ओहोटी. काम टाकून येवक जमाचा नाय. तुमीच येवा."

दीक्षिताने कपाळावर हात मारला. सन्मान गेलाच म्हणायचा.

पण समिती आली. अध्यक्षबाईंनी साडी खोचून, गुडघाभर चिखलात उभं राहून मावशीच्या गळ्यात पदक घातलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

"ओहोटी सरतली आता," मावशी म्हणाली. "हात लावा."

अध्यक्षबाईंनी खरोखरच दोरीला हात घातला. दीक्षिताला आपल्या मावशीचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. संध्याकाळी वरच्या वाडीच्या बायका कालवांच्या पिल्लांची एक दोरी मागून घेऊन गेल्या, त्यांच्या गढूळ पाण्यात बांधायला.