ब्रेकवरचा पाय

"खाली निळी गाडी कुणाची?"

मास्तरीण दोन-दोन पायऱ्या एकदम चढून आली होती आणि नाचाच्या क्लासच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मास्तरीण म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची. गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी तिनेच शिकवली होती, उरलेले निम्मे तिला घाबरून पायीच फिरायचे. आणि आज कुणा शहाण्याने आपली गाडी तिच्या गाडीला नाक लावून उभी केली होती.

आतून एक हात हळूच वर झाला. "माझी."

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला. बाकी सगळे जोडीजोडीने उभे, हा एकटा. दोन्ही हात हवेत, कुणाच्या तरी खांद्याच्या उंचीवर धरलेले, आणि मध्ये कुणीच नाही.

"काढतो लगेच," तो म्हणाला. "एवढं गाणं झालं की—"

"तोवर खाली बसलेला माझा शिकाऊ म्हातारा होईल."

"बाई, आलाच आहात तर उभ्या राहा जरा," नाच शिकवणारे सर मध्येच म्हणाले. "याची जोडीदारीण क्लास सोडून गेली."

ती नाहीच म्हणणार होती. पण त्याचे हात अजून तसेच हवेत होते... आणि एखादी रिकामी खुर्ची बघून बसावं तशी ती त्या हातांमध्ये जाऊन उभी राहिली. खालचा शिकाऊ बराच वेळ वाट बघून बसने घरी गेला.

नाच साल्सा होता, क्लास दर शनिवारी, आणि मास्तरीण पुढच्या शनिवारीही आली. सर टाळ्या वाजवत सांगायचे, "तीन पावलं टाकायची आणि चौथ्या ठोक्याला गप्प राहायचं. पुन्हा तीन, पुन्हा गप्प. पुरुष पुढे येणार, बाई मागे जाणार. मग उलट."

तीन पावलं तिला लगेच जमली. गप्प राहणं काही जमेना. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन तिची इतकी वर्षं गेली होती. जरा कुठे थांबायची वेळ आली की तिचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन दाबला जायचा. इथे ब्रेक नव्हता. इथे चष्मेवाल्याच्या पायाची बोटं होती.

"आई गं..."

"माफ करा. शेजारचा चुकला की पाय जातोच माझा."

"पण मी चुकलो नव्हतो."

"चुकणार होतात."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि हात तिच्या हातात असल्यामुळे त्याला तो वर करता यायचा नाही. तिसऱ्या शनिवारी तिनेच तो बोटाने वर सरकवला. मग दोघंही पुढचं पाऊल विसरले.

त्यालाही धंद्याची खोड होतीच. हात जरा वर धरला, पकड जरा सैल केली की लगेच विचारायचा, "आधीचं बरं, की हे?" दिवसभर भिंगं बदलून गिऱ्हाइकांना हेच विचारायचं काम. ती मुद्दाम म्हणायची, "दोन्ही अंधुक." आणि मनात म्हणायची, हे. हेच बरं.

एकदा सर यायला उशीर झाला, तेव्हा तो म्हणाला, "आज नाचात तुम्ही पुढे व्हा, मला न्या."

"मी?"

"माझी बोटं सुजलीत हो. शिवाय... आख्खा दिवस मी लोकांना विचारत असतो. एकदा मलाही कुणीतरी सांगू दे, इकडे वळ म्हणून."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि डावा पाय पुढे टाकला. एक, दोन, तीन... आणि थांब्याला तिचा उजवा पाय सवयीने दाबला गेला. ठक. पण नेणाऱ्याचा उजवा पाय त्या ठोक्याला मोकळाच असतो. तो कुणाच्या बोटांवर पडला नाही, बरोबर तालात जमिनीवर पडला.

"अहो, तुमचा ब्रेक तालात आहे," तो हळूच म्हणाला.

"हा काय उलटा कारभार?" सर दारात उभे होते. "माझ्या क्लासात बाई नेत नाही. शेवटच्या शनिवारी सगळ्यांच्या घरची माणसं बघायला येणार आहेत. नीट नाचायचं नसेल तर त्यांच्यात जाऊन बसा."

घरी आईने सरांचीच बाजू घेतली. "त्याला आवडतेस ना तू? मग एक गाणं जा की त्याच्या मागे. दोनदा जमत आलेलं लग्न फिसकटलं ते कशामुळे? मुलगी फार पुढे पुढे करते, म्हणूनच ना?"

"बरं," मास्तरीण म्हणाली, आणि हेच तिला स्वतःला जास्त लागलं. कारण या खेपेला तिला तो हवा होता. आठवडाभर ती ब्रेकवरचा पाय मागे ओढून बसायला शिकली. एका शिकाऊने त्या नादात कुंपण पाडलं.

शेवटच्या शनिवारी आई पहिल्या रांगेत बसली. गाणं लागलं. चष्मेवाला पुढे आला, मास्तरीण मागे गेली. थांब्याला पाय घट्ट आवरला. सर मान डोलवायला लागले. सगळं अगदी बरोबर चाललं होतं आणि तिला रडू येत होतं.

"कुठे गेलीस तू?" त्याने विचारलं. 'तू' पहिल्यांदाच.

"इथेच तर आहे."

"नाहीस. या बाईला मी ओळखत नाही."

"आई बघतेय..."

"बघू दे. तू सांग. आधीचं बरं, की हे?"

ती भर गाण्यात थांबली. त्याच्या खांद्यावरचा हात काढून तिने त्याच्या पाठीवर ठेवला.

"आधीचं," ती म्हणाली आणि पुढे निघाली. ठक.

सरांनी तरातरा जाऊन गाणं बंद केलं. बाकीच्या जोड्या जागच्या जागी थबकल्या. ही दोघं थांबली नाहीत. गाणं नव्हतं, पण थांब्याथांब्याला तिचा पाय वाजत होता आणि तेवढ्यावर नाच छान चालला होता.

"मी अशीच राहणार," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "घरात, गाडीत, सगळीकडे. आत्ताच विचार कर."

"केलाय. बोटं माझीच होती." त्याचा चष्मा घसरला होता. "मला तू आवडतेस. निळी गाडी कुणाची म्हणून ओरडलीस ना, तेव्हापासून."

तिने चष्मा वर सरकवला. या खेपेला पाऊल चुकलं नाही.

आठवडाभर तोंड पाडून बसलेली आपली मुलगी हसतेय, हे आई बघत होती. ती सरांकडे वळली. "अहो, लावा की गाणं. पोरं नाचतायत."

सरांनी काही लावलं नाही.

खाली आल्यावर मास्तरणीने आईला आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चाक धरलं. चष्मेवाला शेजारी बसला.

"तुझ्या पायाशी जादाचा ब्रेक आहे," ती म्हणाली. "भीती वाटली तर..."

त्याने बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसला.

"चल," तो म्हणाला.