गाठ तशीच, खडा गायब

अक्कांच्या दारावर पाटी होती: 'खासगी तपास. चपला बाहेर.' सोमवारी दुपारी सलूनवाला चपला घालूनच आत शिरला, तेव्हाच अक्कांनी ओळखलं, माणूस भानावर नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत जावईबापू पेंगत होते. त्यांचा स्वतःचा धंदा बसला, तेव्हापासून ते सासूबाईंच्या धंद्यात बसले होते.

"माझ्या पोरीला चोर म्हणतायत," सलूनवाला म्हणाला, आणि मग कुठे त्याचं पायांकडे लक्ष गेलं.

"राहू द्या चपला. बसा," अक्का म्हणाल्या.

पोरीला सगळे खारू म्हणत, पुढच्या दोन दातांमुळे. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तिच्या बाईंनी वर्गात तुरटीचा खडा वाढवायचा प्रयोग लावला होता. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, ते पाणी बरणीत ओतायचं, आडव्या पेन्सिलीला दोरा बांधायचा आणि दोऱ्याच्या टोकाला तुरटीचा एक कण लोंबकळत सोडायचा. कण हळूहळू फुगत जातो. खारूच्या हाताखाली तो आवळ्याएवढा झाला होता, आरशासारखा लखलखीत. उद्या शाळेचं प्रदर्शन. टेबलामागे उभं राहून खारूच तो समजावून सांगणार होती.

आज सकाळी वर्ग उघडला, तर खडा नाही.

वर्गाच्या दोन चाव्या. एक मुख्याध्यापकांकडे आणि एक खारूकडे, कारण ती वर्गप्रमुख. त्यात तिच्या बापाचं सलून, आणि दाढी झाली की गिऱ्हाइकाच्या गालावर तुरटी फिरवायची असतेच. मुख्याध्यापकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि निकाल देऊन टाकला. शाळा सुटेपर्यंत पोरीने कबूल करावं. नाहीतर प्रदर्शनात उभं राहायचं नाही, आणि मोठ्या शाळेत जाणाऱ्या दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा जाईल.

"माझ्या दुकानात विटेएवढ्या तुरट्या पडल्यात हो," सलूनवाला म्हणाला. "एक घेऊन गेलो द्यायला. तर म्हणतात, बघा, माल परत आला."

"शहाणेच आहात. न केलेली चोरी परत करायला गेलात," अक्का म्हणाल्या आणि उठल्या. "चला जावईबापू. डोळे बरोबर घ्या. माझा चष्मा सापडत नाहीये."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. सांगायची हिंमत जावईबापूंना झाली नाही.

वर्ग नांदता होता. भिंतीवर पोरांनी रंगवलेले नकाशे, छताला दोऱ्यांनी टांगलेले पुठ्ठ्याचे ग्रह, कपाटात प्रत्येक पोराचा एकेक पेला आणि त्यात स्वतःचा बारका खडा. खिडकीच्या कट्ट्यावर ओल्या कापसात मोड आलेल्या घेवड्याच्या वाट्या ओळीने मांडलेल्या, आणि ओळीच्या शेवटी ती बरणी.

"काय दिसतं ते सांगा. तुमचं मत नको," अक्का म्हणाल्या.

जावईबापू वाकले. "बरणी. गळ्यापर्यंत पाणी. तोंडावर पेन्सिल, पेन्सिलीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला फासा. फाशात काही नाही."

"गाठ सुटलीये?"

"नाही. घट्ट आहे. दोरा कापलेलाही नाही. सासूबाई, चोर मोठा कसबी दिसतो. खडा नेला आणि गाठ परत बांधून ठेवली."

"हो ना. जाताना झाडूही मारला असेल," अक्का म्हणाल्या. एका वाटीतला कापूस त्यांनी चिमटीत धरून दाबला. बोटांतून पाणी ओघळलं.

वर्गाच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते एवढंच: शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर खारूने कुलूप लावलं आणि आज सकाळी त्यांच्यासमोरच उघडलं. खडा नाही म्हटल्यावर जो गोंधळ झाला, त्यात पोरांनी दप्तरं उलटी केली, पण कट्ट्याला कोणी हात लावला नाही. मुख्याध्यापकांनीच तशी ताकीद दिली होती.

मग शेजारच्या तुकडीचे सर. त्यांच्या पोरांनी पाणचक्की केली होती, आणि ती फिरत नव्हती. जावईबापूंनी कान टवकारले. ज्याची चक्की फिरत नाही, तो दुसऱ्याचा खडा पळवणारच, असं त्यांनी अक्कांच्या कानात सांगितलं. सर मात्र मनमोकळे निघाले. दोन दिवस ते बहिणीकडे होते, परगावी. खडा गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. "तो टेबलावर असता तर लोकांनी माझ्या चक्कीकडे पाहिलं तरी नसतं," ते म्हणाले. "फार बरं झालं असतं."

खारू मागच्या बाकावर बसली होती. डबा न उघडता तसाच. अक्का तिच्याशेजारी बाकात कशाबशा मावल्या. खडा कुठे आहे हे त्यांनी विचारलंच नाही. सकाळपासून सगळे तेवढंच विचारत होते, आणि त्याचं उत्तर पोरीकडे नव्हतं.

"बरणीवर ती कागदाची पट्टी कशाला गं?"

पोरीने मान वर केली. बरणी उघडी असते, म्हणून पाणी रोज थोडं उतरतं. दर शुक्रवारी जिथे उतरलं तिथे रेघ मारायची. पाणी उतरतं तसा खडा वाढतो, हे तिने असं सांगितलं की बोलता बोलता हुंदका मागेच राहिला. शेवटची रेघ बरणीच्या निम्म्याखाली होती.

"आणि घेवड्याला पाणी कोण घालतं?"

"पाळी असते. आजची माझी. पण आज घालायच्या आधीच..." तिने डबा दूर सारला.

"डबा उघड," अक्का म्हणाल्या. "उपाशी माणसाला कोणी निर्दोष समजत नाही."

मुख्याध्यापकांची खोली म्हणजे रोपवाटिकाच होती. कुंडीखालची प्रत्येक बशी काठोकाठ. टेबलावर काचेच्या फुलदाणीत प्लॅस्टिकचे गुलाब, आणि तेही स्वच्छ पाण्यात बुडवलेले. जावईबापूंनी ओठ दाबून हसू आवरलं.

मुख्याध्यापक ताठ बसले होते. त्यांनी ठामपणे सांगितलं की शुक्रवार संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत त्या वर्गात कोणी पाऊल टाकलेलं नाही. दुसरी चावी सतत त्यांच्याच खिशात. शाळेसाठी आपण सुट्टीतही घरी बसत नाही, शाळा म्हणजे आपली बाग आहे, हेही त्यांनी ऐकवलं.

"कडक ऊन होतं हो दोन दिवस," अक्का म्हणाल्या.

"विचारू नका. सगळ्यांनी माना टाकल्या होत्या."

अक्का उठल्या. "शेवटच्या तासाला त्या वर्गात या साहेब. सगळ्यांसमोर सांगते."

शेवटच्या तासाला वर्ग चिडीचूप होता. बाई फळ्याजवळ, सलूनवाला दाराशी, शेजारचे सरही डोकावत होते. अक्कांनी कपाटातल्या एका पेल्यातून बारका खडा दोऱ्यासकट उचलला आणि मुख्याध्यापकांच्या हातात ठेवला.

"साहेब, हा दोऱ्यातून काढून द्या. गाठ सोडायची नाही, दोरा कापायचा नाही."

मुख्याध्यापकांनी ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं. "निघणार कसा? दोरा याच्या पोटातून गेलाय. खडा दोऱ्याभोवतीच वाढलाय."

"मोठाही तसाच वाढला होता. फोडून नेला असता तर फाशाला चुरा राहिला असता. मग चोराने गाठ न सोडता तो नेला कसा?"

जावईबापूंनी बरणीतला दोरा उचलून गाठ पुन्हा चाचपली.

"नेलाच नाही," अक्का म्हणाल्या. "खडा बरणीतच आहे. कळसा काखेत, आणि तुम्ही पोरांची दप्तरं उलटी केलीत. खारू, या बरणीत साधं पाणी ओतलं तर काय होईल गं?"

"खडा विरघळून जाईल," खारू म्हणाली. मग ती खिडकीपाशी धावली. पट्टीवरची शेवटची रेघ निम्म्याखाली होती आणि पाणी पार गळ्याशी. "बरणी भरलीये. बाई, ही कोणीतरी भरलीये."

"उघडी बरणी आपोआप रिकामी होते, आपोआप भरत नाही," अक्का म्हणाल्या. "आणि घेवड्याचा कापूस बघा. दोन दिवस कडक ऊन, आज पाळी चुकलेली, तरी पाणी ओघळतंय. म्हणजे वर्ग बंद असताना कोणीतरी आत येऊन कट्ट्यावरच्या सगळ्यांना पाणी घातलं. चाव्या दोनच. खारूने घातलं असतं तर बरणीला शिवली नसती. तिनेच तर ती वाढवलीये. म्हणजे हा असा माणूस, ज्याला प्रयोग ठाऊक नाही आणि जो दिसेल त्याला पाणी पाजतो." त्या थांबल्या. "प्लॅस्टिकच्या गुलाबांनासुद्धा."

सगळ्या माना एकदम वळल्या.

मुख्याध्यापकांच्या हातातला बारका खडा दोऱ्यावर हलत होता. "रविवारी," ते सावकाश म्हणाले. "मी फेरी मारायला आलो होतो. घेवड्याने माना टाकल्या होत्या. मला वाटलं, त्या बरणीतही काहीतरी उगवणार आहे."

"पण कोणी आलं नव्हतं, असं म्हणालात ना?" जावईबापूंनी विचारलं.

"खोटं नव्हते बोलत ते," अक्का म्हणाल्या. "कोणी म्हणताना स्वतःला मोजलं नाही, एवढंच. खुर्ची मोठी झाली की ही खोड लागते. मी घरात रोज बघते."

घरात ती खुर्ची कोणाची, हे जावईबापूंना पक्कं माहीत होतं.

"आता साहेब, सकाळी चोर जेवढ्या मोठ्याने म्हणालात, तेवढ्याच मोठ्याने बोला."

मुख्याध्यापक खारूपाशी गेले. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला. चूक माझी होती, ते म्हणाले, तुझी काहीच नव्हती, आणि दाखल्यावर तुझ्याबद्दल चांगलंच लिहीन. दाराशी सलूनवाल्याने खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवलं.

"पण उद्या मी दाखवू काय?" खारूने विचारलं. "खडा तर नाहीच."

"गाठ आहे ना," अक्का म्हणाल्या. "मला कोडं घातलं, तेच लोकांना घाल."

दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी त्या टेबलापुढे होती. गळ्यापर्यंत भरलेली बरणी, रिकामा फासा आणि मागे खारू. ती प्रत्येकाला विचारायची: गाठ तशीच आहे, मग खडा गेला कुठे? भलेभले डोकी खाजवत उभे राहिले. फिरत नसलेल्या पाणचक्कीकडे कोणी पाहिलंही नाही, त्यामुळे तिचे सर खुशीत होते. जावईबापू गुळगुळीत, फुकट दाढी करून आले होते, आणि उत्तर ठाऊक असल्याच्या तोऱ्यात मिरवत होते.

बरणीवर खारूने पाटी चिकटवली होती: 'पाणी घालू नये.'

जाताना अक्कांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत डोकावून पाहिलं. चष्मा आता नाकावर होता, त्यामुळे अक्षर न अक्षर दिसलं. गुलाबांच्या फुलदाणीवरही तशीच पाटी होती, त्याच पोरीच्या अक्षरात. मुख्याध्यापकांनी स्वतः मागून घेतली होती.