दुपारी हजर झालेला माणूस

"माझी नोकरी कुणी खाल्ली, तेवढं शोधून द्या," बाई म्हणाली.

प्लास्टिकच्या कारखान्यात ती साचे आखायची. घर तिच्याच पगारावर चालायचं. दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी साहेबानं तिला घरी बसवलं.

"मुलाखतीचं कुणाला ठाऊक होतं?" वहिनींनी विचारलं.

"शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला. आणि प्लेसमेंटवाल्याला. त्यानंच गळ घालून मला तिकडे पाठवलं. तिकडचा निरोप अजून यायचाय."

वहिनी खाजगी गुप्तहेर. सोबतीला दीर, निवृत्त हवालदार. भाऊजींना गुन्हेगार चहा गार व्हायच्या आत सापडायचा, आणि हमखास चुकीचा.

मैत्रीण रडली. "मी कशाला सांगू? नव्या माणसाला शिकवायचं माझ्याच बोकांडी बसलंय!" खिडकीजवळचं टेबल मात्र तिनं पटकावलं होतं. भाऊजींनी वहिनींना डोळ्यांनी खुणावलं.

साहेब सरळ बोलला. "सकाळी निनावी फोन आला, बाई सोडून चाललीय म्हणून. ऐन कामात तोंडघशी पडण्यापेक्षा मीच काढलं. ती नाही म्हणत होती, पण सगळेच नाही म्हणतात. दुपारी तिच्या जागी एका प्लेसमेंट एजन्सीनं पाठवलेला माणूस हजर. जाहिरातसुद्धा द्यावी लागली नाही."

दुसऱ्या कंपनीतल्या अधिकारी बाईंनी फोनवर सांगितलं, "त्यांना आम्ही मुलाखतीच्या संध्याकाळीच नाकारलं. प्लेसमेंटवाल्याला तेव्हाच कळवलं."

मग वहिनी आणि भाऊजी बाईला घेऊन प्लेसमेंटवाल्याच्या ऑफिसात गेले.

"ती लागली असती तर कमिशन मलाच मिळणार होतं," तो हसला. "माझ्या पोटावर मीच पाय देईन?"

"लागली असती तर! पण नकार तुम्हाला संध्याकाळीच कळला होता, आणि तो तुम्ही हिच्यापासून लपवलात. एक कमिशन बुडालं, म्हणून दुसरं उभं केलंत. कारखान्यात जागा रिकामी नव्हती, ती तुम्ही फोन करून केलीत आणि दुपारी तिथं तुमचाच माणूस बसवलात."

"पण वहिनी, ती मैत्रीण..." भाऊजी पुटपुटले.

"तिनं चुगली केली असती, भाऊजी, तर दुपारी तयार माणूस कुठून आणला असता? साचे आखणारा शोधायला महिने जातात. तो ज्याच्या हाताशी होता, त्यानंच फोन केला."

प्लेसमेंटवाल्याला घामही फुटला नाही. "धंदा आहे, ताई. पोलिसांत काय सांगणार?"

भाऊजींच्या मुठी वळल्या आणि सुटल्या. सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं.

तो बाईकडे वळला. "तुम्ही आता मोकळ्या आहात, लगेच रुजू होऊ शकता. अशी माणसं पटकन लागतात. तुमच्याच कामाची एक जागा बघून ठेवलीय."

"कुठं रिकामी आहे?" वहिनींनी विचारलं.

"अजून झालेली नाही."

भाऊजी ताडकन उठले. "चला बाई. इथं पाणीसुद्धा प्यायचं नाही!"

बाई उठली नाही. वहिनींकडे बघायचं तिनं टाळलं.

"कधी होईल?" तिनं विचारलं.