बॅटरी नसलेल्या टॅक्सीचे फ्यूज

हसायचं तर खुशाल हसा. पण ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या काकांच्या गॅरेजात घडलंय हे. साल १९८४, नोव्हेंबर महिना, रबाळे.

शिवरामकाका गाड्यांचं वायरिंग करायचे. हात सफाईदार, पण घमेंड केवढी! एकदा शेजारचा सुधीर टॅक्सी घेऊन आला.

"शिवरामभाऊ, बेलापूर रोडला रात्री काय दिसत नाय. शंभर वॉटचे हॅलोजन टाका ना."

एवढ्या बल्बला जाड वायर लागते, जादा करंट पेलणारा वेगळा स्विच, म्हणजे रिले लागतो. काकांना पक्कं ठाऊक होतं. पण कंटाळा केला. जुन्याच वायरींवर बल्ब चढवले.

फ्यूज उडाला.

दुसरा घातला... तोही उडाला.

मग काकांनी दोन्ही दिव्यांच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली. "जा! आता जन्मात उडायचा नाही!"

तिसऱ्या दिवशी, अंधार पडता पडता, वायर जळाली. भर वेगात दोन्ही दिवे गेले. पुढे ट्रक उभा होता. सुधीर जागच्या जागी गेला.

लोक म्हणाले, प्यायला असणार.



चेपलेली टॅक्सी गॅरेजमागे आणून ठेवली. काकांनी पहिलं काय केलं असेल? गुपचूप तार काढली आणि दोन्ही दिव्यांना नवे फ्यूज बसवले. आपलं नाव नको यायला! शी!

गाडीत बॅटरी नव्हती. ती अपघातातच फुटली होती. एवढं ध्यानात ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात, दिवेलागणीला, सुधीरची बायको वैशाली आली. टॅक्सीपाशीच उभी राहिली.

"भाऊ, हे थेंबाला शिवायचे नाहीत. दिव्यांचं काम तुमीच केलंत ना? नीट होतं ना?"

"हो गं. एकदम ओके."

टच्...

एक फ्यूज उडाला होता.

"काय वाजलं, भाऊ?"

"काही नाही."

टच्...

दुसरा. आणि जळक्या रबराचा वास...

काका टॅक्सीकडे पाठ करून उभे राहिले.

वैशालीने मान खाली घातली. "मग प्यायलेच असतील," म्हणाली आणि निघून गेली.

काका आता सत्तरीचे आहेत. मला हे सांगताना ढसाढसा रडले. "भूत होतं की काय, देव जाणे. पण तो दोनदा बोलला रे... आणि मी त्याच्या बायकोला म्हणालो, काही नाही. लाज वाटते मला."

वैशाली नावड्याला राहते. तासाभराचा रस्ता.

काका अजून तिच्याकडे गेलेले नाहीत.