दिव्यावरची टिकली

पहिल्याच भेटीत मी त्याला गाडीखाली घेणार होते. लोकांची कशी नजरानजर होते, ओढणी सावरली जाते, कोणीतरी गालात हसतं… आमच्या वाट्याला तसलं काही आलं नाही.

भाद्रपदातली सकाळ होती. आदल्या दिवशीच्या पावसात ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती. चोपड्याला केळीचे घड उतरवून मी आमची पिकअप घेऊन घरी निघाले होते, शेजारी माझे वडील, आबा. वळणावर समोर बैलगाडी आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. गाडीचं तोंड थांबलं, मागची बाजू मात्र थांबेना. मागची चाकं जाम झाली, अख्खा हौदा गर्रकन फिरला आणि रस्त्याच्या कडेला गेला. तिथूनच एक लूना येत होती.

लूनावाल्याने हँडल वळवलं आणि तो सरळ कपाशीत घुसला. मी स्टिअरिंग धरून तशीच बसले. माझ्या हातून माणूस गेला, एवढंच डोक्यात होतं.

मग कपाशी हलली. चिखलाने माखलेला एक तरुण उभा राहिला. त्याच्या केसांत कपाशीचं पिवळं फूल अडकलं होतं, आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

"लागलं का हो?" कशीबशी खाली उतरून मी विचारलं.

"नाही. तुम्ही ब्रेक दाबून धरला होता, की सोडला?"

"धरला… अगदी जोरात धरला."

"आणि पेडल पायाखाली थरथरलं?"

"नाही."

"थरथरायला हवं होतं," तो म्हणाला. चेहरा पुसायचा सोडून तो आमच्या मागच्या चाकांकडे वाकून बघू लागला. मी बघतच राहिले. आत्ता मरता मरता वाचलेला माणूस मला पेडलचं विचारत होता!

आबा मात्र थरथरत होते. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली आठे दे, मंजू. आते गाडीले हात लावू नको."

मी किल्ली दिली. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मला भाऊ नाही, म्हणून तीन महिन्यांपूर्वी गाडी माझ्याकडे आली होती. मुलीने पिकअप चालवावी का, यावर गावात सगळे बोलून झाले होते. मी मात्र त्या सीटवर बसले की उंच व्हायचे. आता आबा गाडी विकणार हे मला त्यांच्या तोंडावरच दिसलं, आणि पुढच्याच क्षणी ते तसं बोललेही.

"विकायची तर विका," लूनावाला म्हणाला, "पण ताईंचा पाय चुकला म्हणून विकू नका. मी अभिमन. मेहरूणला गॅरेजमध्ये असतो, त्याआधी चार वर्षं सुरतेला परदेशी गाड्यांवर काम केलं. गाव सांगा, रविवारी येतो. तपासू द्या, मग ठरवा."

'ताई' म्हणाला त्याचा मला का राग आला, कोण जाणे.

गाडी गावातल्या एका ड्रायव्हरने घरी आणून लावली. चार दिवसांत मी शंभर वेळा तो ब्रेक मनातल्या मनात दाबला. खरंच माझा पाय चुकला असेल का? आणि ते पिवळं फूल… ते त्याला सांगायला हवं होतं.

रविवारी तो आला. आमची पिकअप जुनी, जपानी. कुठल्याशा धरणाच्या कामावरचे साहेब लोक मागे ठेवून गेले आणि आबांनी ती लिलावात घेतली. अभिमन आधी आत बसला. किल्ली फिरवली आणि समोरच्या काट्यांकडे टक लावून बघत राहिला.

"इथे ही काय भानगड आहे?"

मी वाकून पाहिलं. माझी मरून टिकली होती.

"तिथे एक पिवळा दिवा सारखा पेटलेला असतो," मी म्हणाले. "डोळ्याला खुपायचा. म्हणून… मी लावली."

त्याने नखाने टिकली हळूच उचलली. खालचा दिवा लख्ख पेटलेला होता.

"मंजुळा," तो म्हणाला. माझं पूर्ण नाव त्याने आबांकडून काढलं असणार; 'ताई' गळून पडलं होतं. "मागची चाकं घसरायला लागली की ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा धरणारी यंत्रणा आहे या गाडीत. ती बंद पडली, असं हा दिवा सांगत होता. गाडी सुरू करताना तो पेटतो आणि विझतो. विझला नाही, तर काहीतरी बिघडलंय."

दोन महिने गाडी मला बजावत होती आणि मी तिच्या तोंडाला टिकली लावून ठेवली होती.

"म्हणजे मीच तुम्हाला मारणार होते," मी म्हणाले.

"टिकली लावून मारणारी पहिलीच तुम्ही," तो म्हणाला. मला रडूही येत होतं आणि हसूही.

तो गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "आबा, मागे ही चप्पल कोणी बांधली?"

मागच्या आसाजवळ नजर लागू नये म्हणून जुनी चप्पल लोंबत होती, जाड तारेने आवळून बांधलेली. अभिमनने मला खाली वाकायला लावलं. चाकाचा वेग सांगणारी बारीक वायर त्याच आसावरून जात होती. चप्पल हलली की तार घासायची. घासून घासून वायर तुटली होती.

आबा मटकन बाजेवर बसले. "पोरले नजर लागाले नको म्हनीसन मीच बांधेल शे," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मग अभिमनने वायर जोडली, तिच्यावर नळी चढवली आणि चप्पल सोडून आबांच्या हातात दिली. किल्ली फिरवली. दिवा पेटला… आणि विझला.

"आता चालवून बघू," तो म्हणाला. "त्याच वळणावर. रस्त्यावर पांढरी रेघ मारतो, तिच्याआधी थांबायचं. पेडल थरथरलं तर पाय उचलायचा नाही."

आबा ती चप्पल हातात तशीच धरून शेजारी बसले, किल्ली मीच लावली. तो लूनावरून पुढे गेला. पावसाची झिमझिम चालू होती, डांबरावर तोच काळा चिखल. मी वेग घेतला आणि वळणावर आले.

रेघेच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध, अभिमन उभा होता. हात खिशात घालून.

मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थडथडू लागलं, जिवंत असल्यागत. पाय उचलावा असं सारं अंग सांगत होतं. मी उचलला नाही. गाडी सरळ येत येत रेघेच्या हातभर अलीकडे थांबली.

मी दार उघडून धावले. "वेडे आहात का तुम्ही? मेला असतात म्हणजे?"

"तुमच्या पायावर विश्वास आहे, हे सांगायचं होतं," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते त्याचे. "तोंडाने… जमत नव्हतं."

"मग जमवायला शिका. मला रोज असं घाबरवून चालणार नाही."

"रोज?"

शब्द निघून गेला होता. आता लपवून काय उपयोग? "हो, रोज," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. त्या दिवशी तुमच्या केसांत कपाशीचं फूल होतं, तेही सांगायचं राहिलं."

त्याने मनगट पुढे केलं. घड्याळाच्या काचेवर माझी मरून टिकली चिकटवलेली होती. "मलाही सांगायचं राहिलं," तो म्हणाला.

तेवढ्यात मला आबांची आठवण झाली. गाडीतून त्यांनी सगळं ऐकलं असणार, डोळे गेले तरी कान शाबूत होते. वळून पाहिलं तर सीट रिकामी.

आबा रस्त्याच्या कडेला अभिमनच्या लूनाजवळ बसले होते. चाचपडत, अगदी मन लावून, ती जुनी चप्पल लूनाच्या मागे बांधत होते.

"आबा, हे काय करताय?"

"पोऱ्याले नजर लागाले नको," त्यांनी गाठ मारत सांगितलं. मग अभिमनकडे तोंड करून म्हणाले, "भाऊ, आठे वायर नही ना? बरं. आते घर चाल, जेवन करीसन जाय."